'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट': कथेतला पैसा आणि निर्मितीतला पैसा

हा सिनेमा जॉर्डन बेलफोर्ट या खऱ्याखुऱ्या शेअर दलालावर आहे. नावात वॉल स्ट्रीट असली तरी त्याची पेढी तिथली नव्हे. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात साडेबावीस टक्क्यांहून जास्त कोसळला, त्यानंतर त्याची दलालीतली नोकरी गेली, आणि पुढे त्याने लाँग आयलंडवर 'स्ट्रॅटन ओकमाँट' उभी केली. फडतूस पेनी स्टॉक, म्हणजे कवडीमोलाचे शेअर, आधी आपल्याच माणसांच्या नावावर गोळा करायचे, फोनवरून गळ घालून भाव चढवायचा आणि चढल्या भावात तोच माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा, हा धंदा. १९९६ मध्ये नियामकांनी पेढीला बाजारातून हाकलले. २००३ मध्ये बेलफोर्टला चार वर्षांची शिक्षा झाली. साथीदारांविरुद्ध माहिती पुरवणारा हा गडी २२ महिन्यांत सुटला आणि २००७ मध्ये आत्मचरित्र घेऊन हजर झाला.

या आत्मचरित्राच्या हक्कांसाठी लिओनार्डो डिकॅप्रिओ आणि ब्रॅड पिट यांच्यात चुरस झाली. पण वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओने मागे पाय घेतला आणि प्रकल्प काही वर्षे अडला. अखेर 'रेड ग्रॅनाइट' या नवख्या कंपनीने पैसे लावले, तेही दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसींना मोकळा हात देऊन.

तो हात किती मोकळा होता ते तीन तासांत पदोपदी दिसते. लुबाडल्या गेलेल्यांना सिनेमात चेहरा नाही, अशी तक्रार तेव्हा झाली. मला तीच त्याची ताकद वाटते. पेनी स्टॉकच्या फोनवर गिऱ्हाइकाचा फक्त आवाज येतो, खोलीतले सगळे हसतात, आणि आपणही हसतो. शेवटी ऑकलंडच्या व्यासपीठावर बेलफोर्ट साकारणाऱ्या डिकॅप्रिओची ओळख करून देणारा सूत्रसंचालक खुद्द बेलफोर्टच आहे. आणि मग कॅमेरा वळतो तो श्रोत्यांकडे.

ऑस्करची पाच नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही. खरा उत्तरार्ध घडला तो २०१६ मध्ये. रेड ग्रॅनाइटचे सहसंस्थापक रिझा अझीझ हे मलेशियाचे तत्कालीन पंतप्रधान नजीब रझाक यांचे सावत्र पुत्र. मलेशियाच्या '१एमडीबी' या सरकारी निधीतून वळवलेला पैसा या सिनेमात लागला, असा दावा अमेरिकेच्या न्याय खात्याने केला. २०१८ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल न करता सहा कोटी डॉलर भरून तडजोड केली. ज्या मलेशियन जनतेचा तो पैसा होता, तिला हा सिनेमा थिएटरात पाहताही आला नव्हता, कारण तिथे त्याच्यावर बंदी होती.