रोजगार हमी योजना : धोरण म्हणून स्वीकार

ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला ते पुरवण्याचे बंधन महाराष्ट्र शासनाने स्वतःवर घालून घेतले, ती ही योजना. ‘मागेल त्याला काम’ हे तिचे सूत्र. सरकारे नवे धोरण कसे स्वीकारतात, याचे इतके उघड उदाहरण भारतात क्वचितच सापडते.

ही योजना बहात्तरच्या दुष्काळातून जन्मली, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. योजना १ मे १९७२ रोजी सुरू झाली. त्या वर्षीचा पावसाळा बुडायचा अजून होता. कल्पना त्याहून जुनी होती. विधान परिषदेचे सभापती (१९६०–७८) वि. स. पागे यांनी ती मांडली. शेतमजुराला वर्षातले कित्येक महिने हाताला काम नसते आणि त्याच शिवारात बांधबंदिस्ती, नाले, तलाव, रस्ते यांची कामे पडून असतात, ही त्यांच्या विचाराची सुरुवात. पागे तासगावचे. १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातील त्याच तालुक्यातल्या निवडक गावांत ती करून पाहिली गेली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे त्यामुळे नुसता विचार नव्हता, छोटासा का होईना, अनुभव होता.

दुष्काळ पडल्यावर नवी योजना बाजूला राहिली आणि दुष्काळी कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात त्या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. खडी फोडणारे हात, पाझर तलावांची खोदाई आणि कामावर मिळणारी सुकडी (पिठाचा पौष्टिक कोरडा खाऊ) त्या पिढीच्या आठवणीत आजही आहेत. एवढ्या माणसांना काम देता येते, हे प्रशासनाला त्या वर्षाने शिकवले. मजुरांनीही एक गोष्ट ओळखली : काम मागता येते. पाऊस परतल्यावर शेतकरी कामगार पक्ष, लाल निशाण हा डावा पक्ष, समाजवादी आणि कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी मोर्चे काढले, त्यांत बायकांची संख्या मोठी होती. या रेट्याला योजनेच्या इतिहासात द्यावे तेवढे श्रेय दिले जात नाही.

पैशाचा प्रश्न १९७५ मध्ये सुटला. नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. कर व अधिभारांतून निधीत येईल तेवढीच रक्कम शासनाने आपल्याकडून घालायची, असे ठरले. शहराने खेड्यासाठी दिलेला हा कर योजनेचा कणा ठरला. दर वर्षी अर्थसंकल्पात हात पसरण्याची पाळी तिच्यावर आली नाही. विधिमंडळाने कायदा एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. १९७२ पासून तोवर नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील आणि शरद पवार असे चार मुख्यमंत्री झाले होते, तरी योजना मोडली नाही. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता, ही तरतूद कायद्यात आली. भत्ता प्रत्यक्षात फारच थोड्यांच्या हाती पडला, ही या कायद्याची मोठी उणीव होय.

एकमताला दुसरी बाजूही आहे. नालाबांध, पाझर तलाव आणि रस्ते यांचा लाभ जमीनधारकांना होत होता, म्हणून सधन शेतकऱ्यांचा विरोध बोथट राहिला. १९९० पासून खासगी जमिनीवरील फळबाग लागवडही योजनेला जोडली गेली. मजूर आणि बागाईतदार एकाच योजनेत आपापला लाभ पाहत होते. हा समझोता मजुरांच्या बाजूने पुरेसा झुकलेला नव्हता : १९८८ मध्ये मजुरी जवळपास दुप्पट झाली, पण त्यानंतर कामांचे प्रमाण घटले आणि हमी पातळ झाली.

देशपातळीवर हेच धोरण यायला आणखी बराच काळ लागला. २००१ च्या सुमारास राजस्थानातील दुष्काळ, सरकारी गोदामांत साठलेले धान्य आणि अन्नाच्या अधिकारासाठीची चळवळ यांतून मागणी पुढे आली. २००४ मध्ये दिल्लीत सत्तांतर झाले, २००५ मध्ये संसदेने कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत तो लागू झाला. महाराष्ट्राच्या मूळ हमीत दिवसांची मर्यादा नव्हती. केंद्राने ती कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची ठेवली.