शंभरीतही शब्दकोडी रचणाऱ्या बर्निसबाई आणि म्हातारा होत जाणारा मेंदू

जगातलं पहिलं मानलं जाणारं शब्दकोडं न्यूयॉर्क वर्ल्ड नावाच्या पेपरात आलं २१ डिसेंबर १९१३ ला, आर्थर विन यांनी केलेलं, आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ११ जानेवारी १९१४ ला बर्निस गॉर्डन जन्मल्या. म्हणजे बाई आणि शब्दकोडं एकाच वयाचे. फिलाडेल्फियाच्या या बाईंची कोडी १९५० च्या दशकापासून न्यूयॉर्क टाइम्समध्ये यायला लागली, २०१४ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षीही एक आलं, आणि जानेवारी २०१५ मध्ये १०१ पूर्ण करून त्या गेल्या. टाइम्समध्ये कोडं छापून आलेल्या त्या पहिल्या शतायुषी.

आता हे वाचून बहुतेकांच्या डोक्यात येतं की बघा, शब्दकोडी केली की डोकं शाबूत राहतं. थांबा जरा, तिकडे येतोच, पण मला त्याआधीचा प्रश्न जास्त भारी वाटतो, तो म्हणजे शंभरीतला मेंदू हे काम करू कसा शकतो.

कारण काम सोपं नाहीये. अमेरिकन पद्धतीचं रोजचं कोडं १५ बाय १५ चौकटींचं, काळ्या घरांची नक्षी अशी की कागद अर्धा फिरवला तरी तशीच दिसली पाहिजे, तीन अक्षरांपेक्षा छोटा शब्द चालत नाही, आणि प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत बसलं पाहिजे. एका कोपऱ्यात एक अक्षर बदललं की अख्खा कोपरा कोसळतो. त्यात बर्निसबाई खोडकर, साठच्या दशकात त्यांनी एका घरात अक्षर न घालता ‘अँड’साठीचं ते वळणदार चिन्हच (&) घातलं, म्हणजे समजा इंग्रजी ‘सँडविच’मधला ‘अँड’, तर तो सगळा एका घरात. आज असल्या युक्त्या सर्रास चालतात, तेव्हा चांगलीच आगळीक होती ती.

तर मेंदूचं असं आहे की तो सगळा एकदम म्हातारा होत नाही. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन भाग सांगितले, एक नवीन गोष्ट पटकन उलगडायची, आणि दुसरी आयुष्यभर साठवलेली, ज्यात शब्द, माहिती, म्हणी सगळं आलं. पहिलीतला वेगाचा भाग तर विशीच्या आसपासच उतरणीला लागतो (हो, आपण सगळे त्या उतरणीवर आहोत), पण शब्दसंग्रह वाढतच राहतो, २०१५ मधल्या एका मोठ्या ऑनलाइन अभ्यासात तर त्याचं शिखर साठीच्या शेवटाला ते सत्तरीच्या सुरुवातीला दिसलं. कोडं रचणाऱ्याला घड्याळ नसतं, आज नाही जमलं तर उद्या, आणि माझ्या मते खरी गोम इथे आहे, की ज्याची घट होते ते या कामात फारसं लागत नाही आणि जे टिकतं तेच भरपूर लागतं.

मग म्हातारपणी नावं का आठवत नाहीत, असं कुणी विचारेल. गोदाम भरलेलंच असतं हो, माल काढून देणारा संथ झालेला असतो. अर्थ माहीत असतो, चेहरा दिसत असतो, पण अर्थापासून उच्चारापर्यंतचा धागा अशक्त होतो, आणि सगळ्यात जास्त मार बसतो विशेषनामांना. अशा वेळी त्या शब्दातला एखादा आवाज कानावर पडला तर शब्द सुटून येतो, हे प्रयोगांत दिसलंय. आणि शब्दकोड्यात दुसरं काय असतं! आडव्या शब्दाने दिलेलं अक्षर म्हणजे उभ्या शब्दासाठी तोच धक्का. मराठी कोड्यात तर एका घरात काना-मात्रेसकट, जोडाक्षरासकट अख्खं अक्षर बसतं, म्हणजे आयता उच्चारच मिळतो. सोडवणाऱ्याची चंगळ, रचणाऱ्याचे मात्र हाल, कारण ‘की’ ला ‘कि’ चालत नाही आणि ‘क’ तर नाहीच, म्हणून आपल्याकडच्या कोड्यांत काळी घरं एवढी दिसतात.

आता तो कोड्यांनी डोकं शाबूत राहतं का हा, म्हणजे डिमेन्शियाचा, म्हातारपणी स्मरणशक्ती आणि समज ढासळण्याच्या आजाराचा प्रश्न. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या म्हाताऱ्या लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास आहे, त्यात पुढे डिमेन्शिया झालेल्या १०१ जणांपैकी जे शब्दकोडी सोडवायचे त्यांची स्मरणशक्ती झपाट्याने घसरायला साधारण अडीच वर्षं उशिरा लागली. छान वाटतं ऐकायला, पण ज्याचं डोकं मुळात चांगलं चालतं तोच कोडी हातात घेतो, हे कसं वेगळं काढणार? स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला १९३६ साली जन्मलेल्या लोकांचे अकराव्या वर्षीचे बुद्धिचाचणीचे आकडे जपलेले होते, त्यांच्यापैकी जवळपास ५०० जणांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला आणि त्यात निघालं की डोकं लढवायची सवय असलेले लोक सुरुवात वरच्या पायरीवरून करतात, पण घसरायचा वेग काही कमी होत नाही. हेही काही कमी नाही, उंचावरून घसरायला लागलं तर तळ उशिरा येतो.

नंतर २०२२ मध्ये एक ट्रायल आली, विस्मरणाची सौम्य सुरुवात झालेल्या १०७ जणांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट, एकाला कॉम्प्युटरवर शब्दकोडी, दुसऱ्याला मेंदूच्या व्यायामाचे म्हणून बनवलेले गेम्स. ७८ आठवड्यांनंतर शब्दकोडीवाले पुढे होते आणि त्यांच्या मेंदूची झीजही कमी दिसली, खरं तर गेम्स जिंकतील असं संशोधकांनाच वाटलं होतं. पण काहीच न करणारा तिसरा गट त्यात नव्हता, त्यामुळे कोडी गेम्सपेक्षा बरी एवढंच यातून म्हणता येतं, कोड्यांनी आजार थांबतो असं नाही. बाबांना ब्रेन ट्रेनिंगच्या ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊन द्यायच्या विचारात असाल तर एवढं बघून ठरवा.

बर्निसबाईंना असल्या ट्रायलची काही पडलेली असेल असं मला वाटत नाही. २०१३ मध्ये त्यांनी डेव्हिड स्टाइनबर्ग नावाच्या शाळकरी मुलाबरोबर मिळून एक कोडं रचलं, तेही टाइम्समध्ये आलं, तेव्हा तो १६ वर्षांचा होता आणि त्या ९९ च्या.