फाशांच्या बेरजेमागचा इतिहास

सोलापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बारावीच्या गणितात संभाव्यता वितरणाचे प्रकरण सुरू झाले, की दोन फाशांच्या बेरजेचे उदाहरण हमखास येते. बेरीज हा यादृच्छिक चल ‘क्ष’ (प्रयोगाच्या निकालावरून जिची किंमत ठरते अशी राशी) मानायचा, त्याच्या २ ते १२ या किमती मांडायच्या आणि त्यांखाली १/३६ पासून ७ या बेरजेच्या ६/३६ पर्यंत चढून पुन्हा १/३६ वर उतरणाऱ्या संभाव्यता लिहायच्या, एवढेच ते काम आहे. तरीही (२, ५) आणि (५, २) या जोड्या एकच धरून ३६ ऐवजी २१ शक्यता मोजणारे विद्यार्थी दरवर्षी आढळतात. त्यांना दोष देणे कठीण आहे, कारण नेमके काय मोजायचे हा प्रश्न सुटायला कित्येक शतके लागली.

द्यूत आपल्याकडे फार जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ३४ वे सूक्त जुगाऱ्याचेच आहे, आणि महाभारतातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने-फळे न तोडता मोजून दाखवतो व नळाला अक्षविद्या देतो. यावरून संभाव्यताशास्त्र प्राचीन भारतात होते असे म्हणणे मला घाईचे वाटते. वेदकाळातील अक्ष म्हणजे बेहड्याची फळे; त्यांना सहा सारखे पृष्ठभाग नव्हते, त्यामुळे ‘सर्व निष्पत्ती समशक्य आहेत’, म्हणजे प्रत्येक निकाल सारखाच शक्य आहे, या गृहीतकाला तेथे आधारच नव्हता.

घनाकार फासा हा आधार देतो. युरोपात तेराव्या शतकातील एका लॅटिन काव्यात तीन फाशांचे ५६ प्रकार आणि त्यांचे २१६ क्रम वेगवेगळे मोजलेले आहेत. सोळाव्या शतकात जेरोलामो कार्दानो या इटालियन वैद्याने द्यूतावर ग्रंथ लिहिला आणि अनुकूल निष्पत्तींचे एकूण निष्पत्तींशी गुणोत्तर घेण्याची कल्पना मांडली. परंतु तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला.

सर्वांत बोलके प्रकरण गॅलिलिओचे आहे. तीन फाशांत ९ ही बेरीज सहा प्रकारे येते आणि १० हीदेखील सहाच प्रकारे येते, मग अनुभवी खेळाडूंना १० अधिक लाभदायक का वाटते, असा प्रश्न त्याच्यापुढे आला होता. त्याने क्रम मोजले. तिन्ही अंक वेगळे असतील तर सहा क्रम होतात, दोन सारखे असतील तर तीन, आणि तिन्ही सारखे असतील तर एकच. ९ च्या प्रकारांत ३-३-३ हा एकाकी प्रकार असल्यामुळे तिचे क्रम २५ भरतात, १० चे मात्र २७. फरक २१६ मध्ये केवळ दोनाचा, आणि तोही खेळाडूंनी निव्वळ अनुभवाने हेरला होता, याचे नवल वाटते.

१६५४ मधील पास्कल व फर्मा या फ्रेंच गणितज्ञांचा पत्रव्यवहार आणि १६५७ मधील डच शास्त्रज्ञ हायगेन्सची पुस्तिका यांमुळे या मोजणीला शास्त्राचे रूप आले. पुढे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात द म्वाव्र या गणितज्ञाने कितीही फाशांच्या बेरजेचे वितरण काढण्याची बैजिक रीत दिली: क्ष + क्ष² + … + क्ष⁶ या बहुपदीचा, फासे जितके असतील तितका घात करायचा आणि सहगुणक वाचायचे; क्ष च्या प्रत्येक घाताचा सहगुणक म्हणजे तेवढी बेरीज देणाऱ्या क्रमांची संख्या. येथील ‘क्ष’ हे केवळ बैजिक चिन्ह आहे. यादृच्छिक चल म्हणजे नमुना अवकाशावरील (सर्व शक्य निष्पत्तींच्या संचावरील) फलन, म्हणजे प्रत्येक निष्पत्तीला एक संख्या देणारा नियम, ही नेमकी बैठक मात्र १९३३ मध्ये रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी घालून दिली. त्यामुळे त्याच ३६ जोड्यांवर बेरजेऐवजी दोहोंपैकी मोठा अंक घेतला, तर वेगळा चल आणि वेगळे वितरण मिळते (मोठा अंक ६ असण्याची संभाव्यता ११/३६).

राहिला प्रश्न प्रत्यक्ष फाशाचा: त्याचे सहाही पृष्ठभाग खरोखर समशक्य असतात का? इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी १८९४ च्या सुमारास बारा फासे २६,३०६ वेळा टाकून ५ किंवा ६ किती फाशांवर पडतात याची नोंद केली. फासे निर्दोष असते तर ५ किंवा ६ पडण्याचे प्रमाण १/३, म्हणजे सुमारे ०.३३३३ यायला हवे होते; प्रत्यक्षात ते ०.३३७७ आले. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये काय-वर्ग चाचणी (अपेक्षित व प्रत्यक्ष आकड्यांतील तफावत योगायोगाची आहे का हे तपासणारी रीत) मांडताना हीच आकडेवारी तपासली, आणि इतकी तफावत केवळ योगायोगाने पडणे अत्यंत असंभाव्य ठरले; म्हणजे ते फासे पूर्णपणे समशक्य नव्हते.