आधी नकाशा, मग हरकत: पुण्याच्या विकास आराखड्यात प्रभागाची जागा

विकास आराखडा (डीपी), म्हणजे शहरातला जमिनीचा वापर, रस्ते आणि सार्वजनिक कामांसाठी राखीव जागा म्हणजेच आरक्षणं ठरवणारा नकाशा, जाहीर झाला की पुणेकर आधी आपला सर्व्हे नंबर शोधतात. सोसायटीच्या भिंतीवरून डीपी रोड गेलाय का, समोरच्या मोकळ्या प्लॉटवरचं बागेचं आरक्षण राहिलं की उडालं, एवढं पाहून झालं की हरकतीचा अर्ज लिहायला घेतात. २०१३ मध्ये जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा असे सुमारे ८७ हजार अर्ज महापालिकेत जमा झाले. लोक एवढे चिडले का, यावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. आराखडा आखला जात असताना ही माणसं कुठे होती, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. त्याचं उत्तर कायद्यात आहे आणि ते बरंच जुनं आहे.

मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा, देशातला अशा प्रकारचा पहिला. त्याचा भर नगररचना योजनांवर, म्हणजे टीपी स्कीमवर होता. एखाद्या भागातले वेडेवाकडे भूखंड एकत्र करायचे, रस्ते काढायचे आणि उरलेली जमीन मालकांना नव्या आकारात परत द्यायची. काम किचकट आणि वेळखाऊ, पण त्यात प्रत्येक जमीनमालकाशी बोलणं टळत नसे. अख्ख्या शहराचा आराखडा करणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक झालं ते १९५४ च्या कायद्याने. त्याच्या जागी १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आला. सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. आराखड्याची वाट त्याने आखून दिली ती आजही तीच आहे: इरादा जाहीर करणे, विद्यमान जमीनवापराची पाहणी, प्रारूप, प्रसिद्धी, हरकती व सूचना, सुनावणी, शासनाची मंजुरी. प्रत्यक्ष नकाशावर बोलायला नागरिकाचा प्रवेश प्रारूपाच्या प्रसिद्धीनंतरच होतो. तोवर रस्त्यांच्या रेषा आणि आरक्षणांचे रंग कागदावर बसलेले असतात. त्यामुळे त्याला जे काही म्हणायचं ते हरकतीच्या रूपातच म्हणावं लागतं. ‘आमच्या भागात दवाखाना हवा’ हेसुद्धा.

सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीची रचनाही लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. ज्या प्रभागातून रस्ता जाणार तिथल्या नगरसेवकाला तिच्यात जागा असेलच असं नाही.

पुण्याचा १९८७ चा आराखडा २००७ पर्यंतचा होता. त्यात शहराच्या आतून फिरणारा सुमारे ३६ किलोमीटरचा उच्च क्षमतेचा वर्तुळाकार मार्ग दाखवला होता. एचसीएमटीआर या नावाने तो आजही चर्चेत असतो, जमिनीवर मात्र उतरलेला नाही. त्याच्या रेषेखाली सापडलेल्यांच्या दोन पिढ्या परवानग्यांसाठी खेटे घालत राहिल्या. आरक्षणाचा असा टांगता काळ अमर्याद राहू नये म्हणून कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. ही मुदत आधी सहा महिने होती, पुढे बारा आणि मग चोवीस महिने झाली. २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की नुसता पत्रव्यवहार म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे. मालकासाठी हे कलम न्यायाचं आहे. पण त्याच आरक्षणावर मैदान होईल म्हणून वाट पाहणाऱ्या शेजारच्या वस्तीला नोटीस देण्याचा असा कुठलाच हक्क नाही. मैदान गेलं हे तिला कळतं तेव्हा बहुधा पाया खोदणं सुरू झालेलं असतं.

२०१३ च्या आराखड्याचं पुढे काय झालं ते पुण्यात अनेकांना आठवत असेल. हजारोंची सुनावणी झाली, नगरसेवकांत आणि तज्ज्ञांत एकमत होईना, मुख्य सभेत निर्णय लांबला आणि मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा आपल्या ताब्यात घेतला. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तीन अधिकाऱ्यांची समिती नेमली. समितीने काम झपाट्याने उरकलं, बरीच आरक्षणं वगळली आणि त्यावर टीकाही झाली. जानेवारी २०१७ मध्ये, महापालिका निवडणुकीच्या तोंडावर, आराखडा मंजूर झाला. लोकांनी निवडून दिलेली सभा शेवटच्या टप्प्यात बाजूलाच राहिली. तिने स्वतःच वेळ घालवला हेही खरं.

लोकांच्या रेट्याने आराखडा घडल्याचं उदाहरण पुण्यातच आहे. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर बांधकामाला वाट मिळू नये म्हणून नागरिक संघटना उभ्या राहिल्या. २००५ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सुमारे ९७८ हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण मंजूर केलं. शासनाची मान्यता यायला २०१५ उजाडलं. जमिनीचा मोबदला कसा आणि किती द्यायचा यावरचं घोंगडं त्यानंतरही भिजतच राहिलं. पण टेकडी नकाशावर हिरवी राहिली, ती मूळ मसुद्यामुळे नव्हे.

मग प्रभागाचं काय? शहरी स्थानिक संस्थांना घटनेत स्थान देणारी ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली. या संस्थांच्या कामांची यादी असलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन हा पहिलाच विषय. तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. छोट्या नगरपालिकांच्या गावांना तेवढंही मिळालं नाही. महाराष्ट्राने प्रभाग समितीत स्वयंसेवी संस्थांच्या जास्तीत जास्त तीन प्रतिनिधींची सोय केली. या जागांवर पक्षाच्या कार्यकर्त्यांची वर्णी लागते, ही तक्रार पुण्यात नवी नाही. समितीपुढे येतात ती गटारं, दिवे, पदपथ, किरकोळ निविदा. आराखडा तिच्यापुढे यावाच असं बंधन नाही.

याच्याही एक पायरी खाली क्षेत्रसभा. मोजक्या मतदान केंद्रांच्या टापूतल्या मतदारांनी नगरसेवकासमोर एकत्र बसायचं, अशी तरतूद राज्याने २००९ मध्ये केली. केंद्राच्या शहरी नूतनीकरण योजनेचे पैसे हवे होते आणि ही त्यातली एक अट होती. कायदा झाला, हप्ते आले, सभा मात्र कागदावर राहिल्या. ग्रामसभा नीट चालते की नाही यावर गावात निदान भांडण तरी होतं. क्षेत्रसभा म्हणून काही असतं हेच शहरातल्या बहुतेकांना माहीत नाही.

पुण्याने एक बरी गोष्ट केली ती २००६-०७ पासूनच्या सहभागी अंदाजपत्रकाची. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून नागरिक छोटी कामं सुचवू लागले: बसथांबा, बाक, पदपथाची दुरुस्ती. रक्कम लहान, नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या ‘स’ यादीपुढे अगदीच किरकोळ. तरी कामाआधी विचारण्याची ही एकच जागा होती.

दरम्यान प्रभागाचा आकारच बदलत राहिला. पुण्यात २००७ मध्ये एका प्रभागाला एक नगरसेवक होता, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये बहुतेक ठिकाणी चार. १६२ नगरसेवक आणि ४१ प्रभाग. २०११ च्या जनगणनेतले ३१ लाख पुणेकर त्यात वाटले तर एका प्रभागात पाऊण लाखाहून अधिक माणसं येतात. राज्यातल्या अनेक अख्ख्या नगरपालिकांची लोकसंख्या एवढी नाही. रस्त्याची रेषा बदलायची तर चौघांपैकी कुणाला गाठायचं? एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि चौघे दोन पक्षांचे असले तर बघायलाच नको.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादांत निवडणुका अडकल्या आणि मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक होते. नदीकाठ सुशोभीकरणासाठीची वृक्षतोड आणि वेताळ टेकडीवरून जाणारा बालभारती–पौड फाटा रस्ता हे वाद नेमके याच काळात पेटले. २०२३ च्या एप्रिलमध्ये लोक दोन्हींसाठी रस्त्यावर उतरले. जाब विचारायला नगरसेवक नव्हता. आयुक्तच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच.

जून २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली, पण त्यांचा आराखडा करण्याचं काम पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे राहिलं. म्हणजे कचरा आणि पाण्यासाठी एक कार्यालय, जमिनीच्या भवितव्यासाठी दुसरं. त्याच वर्षी प्राधिकरणाने आपल्या हद्दीचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला. पुन्हा हजारो हरकती, पुन्हा सुनावण्या, सोबत न्यायालयीन वाद. २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. हरकतींवर चार वर्षांत झालेलं काम त्याबरोबर गेलं. आता जो नवा आराखडा होईल, त्यातही एमआरटीपीच्या कलम २६ खालची प्रारूपाची प्रसिद्धी आधी आणि या गावांतल्या लोकांचं म्हणणं त्यानंतर, हाच क्रम आहे.