सरकारी निवृत्तिवेतन-वजावट (अमेरिकेची सामाजिक सुरक्षा)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ज्या सरकारी नोकरीच्या वेतनातून सामाजिक सुरक्षा योजनेची (वर्गणीच्या आधारे निवृत्तांना व त्यांच्या जोडीदारांना मासिक लाभ देणाऱ्या संघीय योजनेची) वर्गणी कापली जात नाही, अशा नोकरीचे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचा त्या योजनेतील लाभ घटवणाऱ्या दोन नियमांसाठी ही संज्ञा येथे वापरली आहे. ‘विंडफॉल एलिमिनेशन प्रोव्हिजन’ (१९८३) हा नियम व्यक्तीच्या स्वतःच्या कमाईवरील लाभाला लागू होता. ‘गव्हर्नमेंट पेन्शन ऑफसेट’ (१९७७) हा पती, पत्नी, विधवा किंवा विधुर या नात्याने मिळणाऱ्या लाभाला. डिसेंबर २०२३ नंतरच्या लाभांसाठी दोन्ही रद्द झाले आहेत. ‘विंडफॉल’ म्हणजे आयते हाती आलेले घबाड. ज्यांनी दुसऱ्या नोकरीत प्रत्येक पगारातून वर्गणी भरली होती, त्या शिक्षकांना, पोलिसांना व अग्निशामकांना हा शब्दच मनाला लागत असे, आणि त्यात वावगे काही नव्हते.

या प्रश्नाचे मूळ १९३५ च्या मूळ कायद्यात आहे. त्यातून राज्य व स्थानिक शासनांचे कर्मचारी वगळण्यात आले. संघराज्याला घटक राज्यांवर मालक या नात्याने कर बसवता येईल काय, याविषयीची घटनात्मक शंका हे त्याचे कारण सामान्यतः दिले जाते. कर्मचाऱ्यांचे स्वतंत्र निवृत्तिनिधी आधीच अस्तित्वात होते, हे दुसरे कारणही सांगतात. कॅलिफोर्नियातील शिक्षकांचा निधी १९१३ चा, तर संघीय मुलकी सेवेची निवृत्तियोजना १९२० ची आहे. तरीही पहिले कारण अधिक ग्राह्य वाटते, कारण १९५० मध्ये कायद्याने राज्यांना प्रवेश दिला तो सक्तीने नव्हे, तर ऐच्छिक करारांच्या मार्गाने. स्वतःचा निधी असलेल्या कर्मचाऱ्यांना १९५४ पासून मतदानाने योजनेत येता येऊ लागले. बहुतेक राज्यांत ते आले. ओहायो, मॅसॅच्युसेट्स, नेव्हाडा, तसेच कॅलिफोर्निया व टेक्ससमधील बहुसंख्य शिक्षक बाहेरच राहिले. संघीय सेवेत १ जानेवारी १९८४ पासून भरती झालेले नवे कर्मचारी योजनेत घेतले गेले.

पहिल्या नियमामागचे गणित असे : लाभ ठरवताना सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांची निर्देशांकित (जुनी वेतने वेतनवाढीच्या प्रमाणात वाढवून धरलेली) मासिक सरासरी काढतात आणि तिच्या तीन टप्प्यांवर अनुक्रमे ९०, ३२ व १५ टक्के दराने रक्कम देतात. अल्प वेतनाच्या कामगाराला झुकते माप मिळावे, हा या चढउताराचा हेतू आहे. परंतु पंचवीस वर्षे शाळेत शिकवलेल्या आणि त्याआधी दहा वर्षे दुकानात काम केलेल्या व्यक्तीच्या बाबतीत शाळेची वर्षे शून्य धरली जात. सरासरी खाली येई आणि ती व्यक्ती आयुष्यभर गरीब असल्यासारखी दिसे. म्हणून १९८३ च्या दुरुस्तीने अशा व्यक्तींसाठी पहिल्या टप्प्याचा दर ४० टक्क्यांवर आणला. प्रतिनिधीगृहाने ६१ आणि सिनेटने ३२ टक्के सुचवले होते. ४० हा त्यांतील तडजोडीचा आकडा होता, हिशेबातून निघालेला नव्हे. २०२३ मध्ये पहिला टप्पा १,११५ डॉलरांपर्यंत होता. सरासरी १,५०० डॉलर असेल, तर नेहमीच्या सूत्राने १,१२६.७० डॉलर, तर बदललेल्या सूत्राने ५६९.२० डॉलर मिळत. कपात निवृत्तिवेतनाच्या निम्म्याहून अधिक करता येत नसे, त्यामुळे ९०० डॉलरांचे निवृत्तिवेतन असणाऱ्याची कपात ४५० डॉलरांवर थांबे. वर्गणी भरलेली पुरेशा कमाईची वर्षे २० पेक्षा जास्त असल्यास दर वर्षागणिक पाच टक्क्यांनी चढे आणि ३० वर्षांना कपात उरत नसे. ब्राउन व वाइसबेनर या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवल्याप्रमाणे या सरधोपट कपातीचा भार प्रमाणाने पाहता कमी कमाईच्या कुटुंबांवर अधिक पडत होता.

दुसऱ्या नियमाच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार त्याचे कारण मार्च १९७७ मधील ‘कॅलिफॅनो विरुद्ध गोल्डफार्ब’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय होय. हॅना गोल्डफार्ब न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांत सुमारे पंचवीस वर्षे सचिव होत्या व योजनेची वर्गणी भरत होत्या. १९६८ मध्ये त्या वारल्यावर, संघीय सेवेतून निवृत्त झालेल्या त्यांच्या पतीने विधुराचा लाभ मागितला, पण पत्नीवर अवलंबून असल्याचा पुरावा फक्त पुरुषांनाच द्यावा लागत असल्याने तो नाकारला गेला. न्यायालयाने हा भेद अवैध ठरवला. निर्णयामुळे स्वतःचे सरकारी निवृत्तिवेतन असलेले असंख्य पती पात्र ठरतील, ही चिंता काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) वाटली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वजावट कायद्यात आली. दुसरे मत मूळ आणखी मागे, १९३९ च्या कायद्यात शोधते : योजनेत स्वतः वर्गणी भरणाऱ्या पत्नीला स्वतःचा व पतीच्या नावचा असे दोन्ही लाभ पूर्ण मिळत नव्हते, मग सरकारी नोकरीतील पत्नीलाच ते का मिळावेत? नियमाची वेळ पहिल्या मताने आणि त्यातील तर्क दुसऱ्याने उलगडतो, असे मानणे योग्य दिसते. दोन्ही मते परस्परविरोधी नाहीत. संक्रमणकाळात बहुतांश स्त्रियांना वजावटीतून सूट देणारी तरतूद न्यायालयाने १९८४ मध्ये ‘हेकलर विरुद्ध मॅथ्यूज’ खटल्यात वैध ठरवली.

आरंभी निवृत्तिवेतनाची सर्व रक्कम वजा होई; १९८३ मध्ये ती दोनतृतीयांश करण्यात आली. २,४०० डॉलर निवृत्तिवेतन असलेल्या शिक्षिकेच्या विधवा-लाभातून १,६०० डॉलर जात. तो १,५०० चा असेल, तर हाती काहीच पडत नसे. नवऱ्याने चाळीस वर्षे भरलेल्या वर्गणीचे काय झाले, असा तिचा प्रश्न असे. कायद्याचे उत्तर हिशेबाला धरून होते, पण नवरा गेल्यानंतरच्या महिन्यात ते ऐकणाऱ्या बाईला त्याचा उपयोग नव्हता. नोकरीचा शेवटचा दिवस योजनेतील पदावर घालवल्यास वजावट टळत असे; टेक्ससमधील अनेक शिक्षकांनी त्यासाठी एक दिवस दुसऱ्या शाळा-जिल्ह्यात साफसफाईचे वा कारकुनी काम केले. २००४ च्या कायद्याने ही मुदत एका दिवसावरून ६० महिन्यांवर नेली.

परदेशी निवृत्तिवेतनही पहिल्या नियमाच्या कक्षेत येत होते. भारत व अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने, महाराष्ट्र शासनाचे निवृत्तिवेतन घेऊन तिकडे दहा वर्षे नोकरी केलेल्या व्यक्तीलाही तो लागू शके. दुसरा नियम मात्र अमेरिकी शासनांच्याच निवृत्तिवेतनापुरता होता.

सरसकट दर सोडून कमाईच्या प्रमाणात लाभ द्यावा, असे प्रस्ताव प्रतिनिधीगृहात केव्हिन ब्रेडी व रिचर्ड नील यांनी वेगवेगळे मांडले होते. हिशेबाच्या दृष्टीने ते अधिक निर्दोष होते, तरी मंजूर झाले नाहीत. अखेर ‘सोशल सिक्युरिटी फेअरनेस ॲक्ट’ प्रतिनिधीगृहाने ३२७ विरुद्ध ७५ आणि सिनेटने ७६ विरुद्ध २० मतांनी संमत केला, आणि ५ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष बायडन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. दहा वर्षांत सुमारे १९६ अब्ज डॉलर खर्च येईल, असा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता. जानेवारी २०२४ पासूनची थकबाकी देण्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुवात झाली. परंतु वजावटीनंतर काहीच उरणार नाही म्हणून ज्यांनी कधी अर्जच केला नाही, त्यांना सर्वसाधारण नियमानुसार अर्जापूर्वीच्या जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच बाकी मिळते.