वार दिसायच्या आधीच वर गेलेला हात

२४ फेब्रुवारी २०१० ला ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग मैदानावर सचिन तेंडुलकर सलामीला आला आणि ५० षटकं संपेपर्यंत नाबाद राहिला. १४७ चेंडू, २०० धावा. एवढा वेळ त्याच्या हातात जी बॅट होती, ती लढाईतल्या बहुतेक तलवारींपेक्षा जड होती. साधी बॅट ११०० ते १३०० ग्रॅमची असते, आपल्याकडची तलवार बहुधा ८०० ते १२०० ग्रॅमची. त्यात तिचा गुरुत्वमध्य मुठीपासून जेमतेम वीतभर अंतरावर, म्हणून ती हातात आणखीच हलकी लागते. तरीही जयविलास पॅलेसच्या संग्रहालयात काचेपुढे उभं राहून ‘पाच-सहा किलोची तरी असेल’ म्हणणारे भेटतातच. महाराणा प्रतापांच्या ८१ किलोच्या भाल्याचा मेसेज तर ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या फॅमिली ग्रुपांवरही फिरतो. ८१ किलो म्हणजे सिमेंटच्या दीड पोत्याहून जास्त. ते एका हातात धरून घोड्यावर चढून दाखवा, मग बोलू.

तेव्हा पडद्यावरचा नायक तलवार काडीसारखी फिरवतो, यात खोटं फारसं नाही. खोटं असतं त्याचं घड्याळ.

घरातली ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. दुसऱ्याला ती वरून उभी धरायला सांगा आणि तुमचा अंगठा व तर्जनी शून्याच्या खुणेपाशी उघडी ठेवा. त्यानं न सांगता पट्टी सोडायची, तुम्ही चिमटीत पकडायची. बहुतेकांची पट्टी २० सेंटिमीटरच्या आसपास अडकते. शाळेतलं सूत्र लावा: अंतर = ½ × ९.८ × वेळेचा वर्ग. उत्तर येतं ०.२ सेकंद. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत जाणारा हा वेळ, तालमीनं थोडासाच कमी होतो.

आता तलवारीच्या टोकाचा सरासरी वेग सेकंदाला ५ मीटर धरू. ०.२ सेकंदात टोक १ मीटर पुढे आलेलं असतं. म्हणजे समोरचा हातभर अंतरावर असेल, तर त्याचा वार पाहून अडवणं जमतच नाही. म्हणून खरा लढवय्या अंतर राखतो. खांद्यापासून मुठीपर्यंत ६० आणि पातं ७५, असा पल्ला होतो १३५ सेंटिमीटर. त्यात एका पावलाचे ६५ मिळवले की २ मीटर. एवढ्या लांब उभं राहिलं की शत्रूला पाऊल टाकल्याशिवाय वार पोचवता येत नाही. पावलाला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि त्या वेळात बचाव उरकता येतो. पवित्र्याचं सगळं शास्त्र या उरलेल्या ०.३ सेकंदावर उभं आहे.

त्यातही पट्टीच्या प्रयोगात पर्याय एकच होता. वार डोक्यावर, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर की पायावर, हे ठरवायचं असेल तर वेळ वाढतो. हिक या मानसशास्त्रज्ञानं १९५२ मध्ये हे मोजून मांडलं: प्रतिसादाचा वेळ पर्यायांच्या संख्येच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात वाढतो. पर्याय दोनाचे चार झाले किंवा चाराचे आठ, दर दुपटीला भर सारखीच. हूल देणं याचसाठी असतं. ती समोरच्याच्या मनात एक पर्याय वाढवते.

सिनेमात पर्याय शून्य. फाइट मास्टरनं क्रम पाठ करून घेतलेला असतो, आधी पाव वेगानं, मग अर्ध्या, मग पाऊण. दोघांची नजरानजर होते, वार करणारा हात मागे नेऊन इशारा देतो, बचाव करणारा आधी आपली तलवार जागेवर नेतो, आणि मगच वार सुटतो. तोही खांद्याच्या वीतभर बाहेर. हा उलटा क्रम सुरक्षेसाठीच आहे. कुणी पाचव्या वाराला सहावा केला की बोटांची पेरं फुटतात, म्हणून शंका आली की मागे सरून टोक खाली, हा पहिला नियम. पण आपल्याला काहीतरी खटकतं ते इथेच: वार निघण्याआधी बचाव वर गेलेला असतो.

शिवाय दोघं एका चौकटीत मावावेत म्हणून सव्वा मीटरवर उभे. एवढ्या जवळून खरी चकमक एका हातघाईत संपली असती. प्रेक्षकाला काहीच कळलं नसतं. ऑलिंपिकमधल्या तलवारबाजीच्या सेबर प्रकारात दोन स्पर्श १७० मिलिसेकंदांच्या आत झाले तर दोन्ही दिवे लागतात; टोकियोत भवानीदेवीच्या लढती पाहताना कुणाचा स्पर्श आधी, हे घरी बसून ओळखता आलं का? म्हणून सिनेमावाले मोठ्ठे, गोल, आधीच दिसणारे वार ठेवतात, आणि त्यात तलवारीचा नेम माणसावर नसून समोरच्या तलवारीवर असतो. यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चिडायचंच तर म्यानातून निघणाऱ्या ‘श्शिंग’वर चिडा. लाकडावर चामडं किंवा मखमल चढवलेल्या म्यानातून फार तर खसखस ऐकू येते.

संथपणा झाकायला कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी २२ चित्रं टिपतो. २४ नं दाखवली की हालचाल ९ टक्के वेगवान. पण मग शेला, केस आणि उडालेली धूळही ९ टक्के घाईत खाली येते. डोळे तलवारीवरून काढून धुळीकडे लावले की हे लगेच दिसतं.

आणि धारेवर धार आपटण्याची किंमत शूटिंगमध्येही मोजावी लागतेच. डमी तलवार ॲल्युमिनियमची, कडा दोन-तीन मिलिमीटर जाड आणि गोल केलेली. तरी चार टेकमध्ये तिला दाते पडतात, त्या दात्यांवर हात कापतो, म्हणून टेकच्या मध्ये कुणीतरी कोपऱ्यात बसून कानस मारत असतो.