आयरिश ब्राऊन ब्रेड खरोखर प्राचीन आहे का?
आयर्लंडचा ब्राऊन ब्रेड हजारो वर्षांपूर्वीच्या केल्टिक, म्हणजे तिथल्या प्राचीन केल्ट लोकांच्या, चुलीवरून आला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. हा पाव ज्या खायच्या सोड्याने फुगतो, तो सोडाच आयर्लंडच्या घराघरांत एकोणिसाव्या शतकात, १८३० च्या दशकापासून पोहोचू लागला. तिथल्या दमट हवेतल्या मऊ गव्हात ग्लुटेन (कणकेला ताण देऊन यीस्टचा वायू धरून ठेवणारे प्रथिन) कमी, त्यामुळे यीस्टपेक्षा सोडा सोयीचा ठरला: लोणी काढल्यावर उरलेल्या आंबट ताकातले आम्ल सोड्याला भेटताच कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो, आणि म्हणूनच कोंड्यासकटचे जाडसर पीठ हलक्या हाताने, न मळता कालवून लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये घालावे लागते. ४५० ग्रॅम पिठाला छोटा, सपाट चमचाभर सोडा पुरतो. जास्त झाला तर घास साबणासारखा लागतो. गोळ्यावर सुरीने दिलेल्या खोल फुलीमुळे मधला ओलसर भागही नीट भाजला जातो.